चित्राचे पैसे कुणी दिले? अमेरिकेचा इतिहास शिकवताना निसर्गचित्रं आणि शहरचित्रं

प्रश्न महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापिकेचा आहे. बी.ए.च्या वर्गाला त्या ‘अमेरिकेचा इतिहास’ हा पेपर शिकवतात. मुलं सनावळी पाठ करतात, टिपा लिहितात आणि परीक्षा संपली की सगळं पुसून टाकतात. म्हणून त्यांनी पीपीटीत अमेरिकन निसर्गचित्रं घालून पाहिली. मुलं ‘छान आहे’ म्हणाली आणि पुढची स्लाइड आली. चित्रं कोणती घ्यायची, त्यांच्याशी वर्गात नेमकं काय करायचं आणि अभ्यासक्रम पुरा करायचा असताना वेळ कुठून काढायचा, असं त्या विचारतात. मी न्यू जर्सीतल्या शाळेत हाच विषय बरीच वर्षं शिकवतो आहे, तेव्हा जरा ऐसपैस उत्तर देतो.

‘छान आहे’ हेच दुखणं आहे. चित्र मजकुराशेजारी शोभेला लावलं की त्याचा इतिहासाशी संबंध संपतो. त्याला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करा आणि उलटतपासणी घ्या. साक्षीदार खोटंच बोलतो असं नाही, पण तो कुठे तरी उभा होता, त्याला कुणी तरी बोलावलं होतं आणि त्याने काही गोष्टी सांगायच्या टाळल्या असतील. चित्रकार कुठे उभा राहून बघतोय? पैसे कुणी दिले? चित्र पहिल्यांदा कुठे टांगलं आणि कुणी पाहिलं? तिथे काय असायला हवं होतं, जे चित्रात नाही, आणि ते होतं हे आपल्याला कशावरून कळतं? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्याचं उत्तर चित्रात मिळत नाही, त्यासाठी कायदा, जनगणना, पत्र, नकाशा काही तरी उघडावंच लागतं. मुलं कागदपत्रांकडे वळतात ती इथे.

आणि निसर्गचित्रंच का? राष्ट्राध्यक्षाचं व्यक्तिचित्र किंवा लढाईचं चित्र काहीतरी पटवू पाहतंय हे मुलांना लगेच कळतं. डोंगर, नदी, ढग यांच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. पण अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात मोठा व्यवहार जमिनीचाच होता. 1830 चा मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा, 1862 चा 160 एकर वाटणारा होमस्टेड कायदा, 1887 चा मूलनिवासींच्या सामायिक जमिनीचे तुकडे पाडणारा डॉज कायदा. या काळात काढलेलं प्रत्येक निसर्गचित्र कुणाच्या तरी जमिनीचं चित्र आहे.

सुरुवात जॉर्ज इनेसच्या ‘लॅकावाना व्हॅली’ने करा. साल साधारण 1856, चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पूर्ण तास या एकाच चित्राला द्या. पहिली सात-आठ मिनिटं नाव, साल, चित्रकार काहीही सांगू नका. मुलांनी फक्त डोळ्यांना दिसतं ते सांगायचं. ‘सुंदर’, ‘शांत’, ‘उदास’ हे शब्द बाद. ‘बुंधे दिसतात’ चालेल, ‘निसर्गाचा ऱ्हास दिसतो’ चालणार नाही. फळ्याचे दोन भाग करा, एकात दिसलेलं, दुसऱ्यात वाटलेलं. सुरुवातीला मुलांना हे बालिश वाटतं. थोड्या वेळाने कुणी तरी म्हणतं, ‘सर, हे डाव्या भागात नको, उजव्या भागात लिहा’, आणि गाडी रुळावर येते.

चित्रात डावीकडे एक उंच झाड आहे. जवळच गवतावर एक तरुण रेलून बसलाय आणि खालची दरी बघतोय. त्याच्या पुढच्या सगळ्या उतारावर तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत. मधून एक आगगाडी धूर सोडत वळणावरून येते. मागे राउंडहाउस, म्हणजे इंजिनं ठेवायची गोल शेड, त्यामागे पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन गाव, चर्चचा मनोरा आणि धुक्यात विरलेले डोंगर. मुलांना बुंधे मोजायला लावा. मोजायला लागलं की बघणं आपोआप बारीक होतं.

मग पैशांची गोष्ट सांगा. हे चित्र डेलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने 75 डॉलरला काढून घेतलं. राउंडहाउसकडे त्या वेळी एकच रूळ जात होता, पण कंपनीच्या अध्यक्षांचा आग्रह की चार-पाच दाखवा, पुढे होणारच आहेत! म्हणजे समोर दिसतंय त्यातलं काही 1856 मध्ये अस्तित्वातच नव्हतं. एवढं सांगितलं की वर्गात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं, मग ही जाहिरात झाली. लगेच दुसरं कुणी विचारतं, जाहिरात आहे तर बुंधे कशाला ठेवले? हा वाद लवकर मिटवू नका. इनेसला झाडं गेल्याचं वाईट वाटत होतं, असं आपण आजच्या डोळ्यांनी म्हणतो. त्या काळच्या अनेकांना मात्र बुंधा म्हणजे जंगल साफ झालं, आता इथे शेत आणि घर उभं राहणार, असं वाटायचं. दोन्ही बाजूंनी पुरावा मागा. शेवटी चौथा प्रश्न काढा: हा अँथ्रासाइट म्हणजे कठीण दगडी कोळशाचा पट्टा आहे, रेल्वे आली ती त्यासाठी. खाणकामगार कुठे आहेत? वेल्श आणि आयरिश स्थलांतरितांचे लोंढे या खोऱ्यात येत होते. चित्रात माणूस म्हणून ठळक दिसतो तो बसलेला एक रिकामटेकडा. इथे 1850 आणि 1860 च्या जनगणनेचे आकडे पुढे ठेवायचे.

तुमच्या वर्गासाठी यात एक आयती जोड आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 ला सुटली, बोरघाटाची चढण 1863 ला खुली झाली. इनेसचं चित्र या दोन सालांच्या मधलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं असतं तर चित्रकाराला कुठे उभं केलं असतं, काय दाखवायला सांगितलं असतं, काय वगळायला सांगितलं असतं? घाटात राबणारे आणि मरणारे मजूर चित्रात आले असते का? या प्रश्नावर मुलं अमेरिकेबद्दल जेवढं बोलतील त्याच्या दुप्पट बोलतील, आणि त्यातून अमेरिकेचाच धडा पक्का होईल.

थॉमस कोलचं ‘ऑक्सबो’ (1836) सगळेच शिकवतात, त्यामुळे थोडक्यात सांगतो. डावीकडे वादळ आणि मोडकं झाड, उजवीकडे कनेक्टिकट नदीच्या वळणात आखीवरेखीव शेतं, मध्ये खाली टोपीएवढा दिसणारा स्वतः कोल, ईझलसमोर बसून आपल्याकडे वळून बघणारा. मुलांना तो शोधायला लावा, मजा येते. डावं चांगलं की उजवं, याचं उत्तर चित्र देत नाही. त्याच वर्षी छापलेल्या लेखात कोलने कुऱ्हाडीबद्दल हळहळ व्यक्त केली होती, ती वाचून दाखवली की चित्र परत बघावंसं वाटतं. एक गंमत: 1840 मध्ये नदीने पुरात ते वळण स्वतःच तोडलं आणि कोलने काढलेली नदी तिथे उरली नाही. दुसरी अशी की कोल आणि पुढे ज्याचं नाव येणार आहे तो थॉमस मोरन, दोघंही इंग्लंडमधल्या बोल्टन या गिरणगावात जन्मलेले. अस्सल अमेरिकन रान कसं दिसावं, हे ठरवणारे दोन हात लँकेशायरचे!

अल्बर्ट बीअरस्टाटचं ‘रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ (1863) दाखवण्याआधी खडू घ्या आणि भिंतीवर सहा फूट बाय दहा फुटांची चौकट आखा. प्रोजेक्टरवर सगळी चित्रं एकाच आकाराची दिसतात आणि इतिहासाचा अर्धा मुद्दा तिथेच हरवतो. हे चित्र बघायला लोक गर्दी करत. 1865 मध्ये ते 25,000 डॉलरला विकलं गेलं. पूर्वेकडच्या शहरी माणसाने रॉकी पर्वत पाहिला तो असा. पुढे शोशोनी या मूलनिवासी लोकांची छावणी आहे, तंबू, घोडे, शिकार करून आणलेले प्राणी, सगळं निवांत. मागे धबधबा आणि बर्फाची शिखरं. बीअरस्टाट 1859 मध्ये फ्रेडरिक लँडरच्या सरकारी सर्वेक्षण मोहिमेबरोबर तिकडे गेला होता, पण चित्र न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रचलं आणि डोंगर हवे तसे मांडले.

आता साल बघा. त्याच 1863 च्या जानेवारीत आजच्या आयडाहोमधल्या बेअर नदीकाठी अमेरिकन सैन्याच्या कॅलिफोर्निया तुकडीने शोशोनींच्या हिवाळी मुक्कामावर हल्ला करून बायकापोरांसह शेकडो माणसं मारली. चित्र आणि ही घटना शेजारी ठेवली की वर्ग गप्प होतो. पण इथेच शिक्षकाने सावध राहायचं. चित्रातले शोशोनी वाइंड रिव्हर भागातले, बेअर नदीवरचे वायव्येकडच्या दुसऱ्या गटाचे. आणि बीअरस्टाटने कत्तल लपवली असं म्हणायला आपल्याकडे काहीही आधार नाही. पुरावा एवढाच सांगतो की न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला ज्या वर्षी शोशोनी असे निवांत दिसत होते, त्याच वर्षी पश्चिमेत त्यांच्यावर काय गुदरत होतं. ‘चित्रकाराने मुद्दाम वगळलं’ हे वाक्य मुलं फार सहज लिहितात. प्रत्येक वेळी खाली लाल रेघ मारा आणि समासात ‘कशावरून?’ लिहा.

मोरनचं ‘ग्रँड कॅन्यन ऑफ द यलोस्टोन’ कालक्रम शिकवायला उत्तम. या चित्रामुळे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, असं सर्रास सांगतात. यलोस्टोनच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही 1 मार्च 1872 ची. मोठं तैलचित्र पुरं झालं त्यानंतर, आणि मग काँग्रेसने ते 10,000 डॉलरला घेतलं. कायद्याआधी वजन पडलं ते मोरनच्या जलरंगांचं आणि विल्यम हेन्री जॅक्सनच्या छायाचित्रांचं. मोरनला यलोस्टोनच्या 1871 च्या सर्वेक्षण मोहिमेबरोबर जायला पैसे कुणी दिले? नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे सावकार जे कूक यांनी 500 डॉलर पुरवले. प्रवासी येणार ते रेल्वेनेच. मुलांना हा धागा स्वतः शोधू द्या.

एक मोठी पोकळी आधीच सांगून ठेवतो. हडसन रिव्हर स्कूलच्या, म्हणजे कोल, बीअरस्टाट यांच्या परंपरेतल्या चित्रकारांच्या नावाजलेल्या निसर्गचित्रांमध्ये गुलामगिरी जवळजवळ दिसतच नाही. फक्त या चित्रांवर विसंबलात तर 1865 पर्यंतचा इतिहास डोंगर-नद्यांचा होऊन बसेल. इथे रॉबर्ट डंकनसन हा कृष्णवर्णीय चित्रकार कामी येतो. 1851 च्या सुमाराचं त्याचं सिनसिनाटी शहराचं चित्र केंटकीतल्या कोव्हिंग्टनच्या टेकडीवरून बघितलेलं आहे. अलीकडे केंटकी, जिथे गुलामगिरी कायदेशीर. इथे काळी माणसं कामात आहेत, एक बाई कपडे वाळत घालतेय, एकाच्या हातात गवत कापायचा मोठा विळा. मध्ये ओहायो नदी. पलीकडे ओहायो राज्यातलं सिनसिनाटी, जिथे गुलामगिरीला बंदी. वरवर पाहिलं तर शहराचं साधं देखणं दृश्य. नकाशावर राज्याची सीमा दाखवली की नदी वेगळी दिसायला लागते. मग 1850 चा पळून आलेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कायदा वाचायला द्या. नदी ओलांडूनही सुटका झाली असं म्हणता येत नव्हतं, पलीकडच्या काठावरूनही माणूस पकडून नेता येत होता. ज्याचा चित्रकार स्वतः या सीमेलगत राहणारा काळा माणूस आहे, ते चित्र आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय हा प्रश्न मुलं आपण होऊन विचारतात.

शहरांकडे येऊ. जॉर्ज बेलोजचं ‘क्लिफ ड्वेलर्स’ (1913) न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचं. उकाड्यात घराघरांतून माणसं रस्त्यावर आलेली, पुढे पोरांचा घोळका, वर इमारतींच्या मध्ये वाळत घातलेले कपडे, मागे गर्दीतून वाट काढणारी ट्राम. चाळीत वाढलेल्या मुलाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. विचारायचं ते असं की बेलोज ओहायोतून आलेला, या वस्तीतला नव्हे, मग हा गोंगाट त्याला आवडलाय, की भीती वाटतेय, की दया येतेय? त्याच विषयावरचं त्याचं रेखाचित्र त्याच वर्षी ‘द मासेस’ या समाजवादी मासिकात आलं. खाली मथळा होता, ही सगळी माणसं सुट्टीला खेडेगावात का जात नाहीत, अशा अर्थाचा उपरोधिक प्रश्न. गर्दी तीच, पण मासिकात छापली आणि खाली मथळा दिला की चित्र राजकीय होतं. 1901 चा न्यूयॉर्कचा भाड्याच्या घरांचा कायदा सोबत ठेवा: प्रत्येक खोलीला खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडाला संडास. एवढं कायद्याने सांगावं लागलं, यावरून बाकीचं मुलं ताडतात.

चार्ल्स शीलरचं ‘अमेरिकन लँडस्केप’ (1930) मला फार आवडतं, कारण हुशार मुलं इथे हमखास फसतात. डेट्रॉइटजवळचा फोर्डचा रिव्हर रूज कारखाना, कालवा, धुराडं, मालगाडी, सगळं स्वच्छ आणि स्तब्ध. रुळांवर एक इवलासा माणूस, बाकी कुणी नाही. साल सांगितलं की दहा हात वर: ‘सर, महामंदी! बेकारी, म्हणून माणसं नाहीत.’ मग सांगायचं की शीलरने हा कारखाना टिपला 1927 मध्ये, फोर्डच्या जाहिरातीसाठी छायाचित्रं काढताना, आणि चित्र त्या कामातून निघालं. तेव्हा मंदी यायची होती, आणि ऐन भरात या कारखान्यातले कामगार लाखाच्या घरात गेले होते. म्हणजे माणसं होती, चित्रात घेतली नाहीत. आता रिकामेपणाचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं: यंत्राच्या शिस्तीचं कौतुक, जाहिरातीची नजर, की आणखी काही.

लगेच त्याच्या शेजारी डिएगो रिव्हेराची डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समधली भित्तिचित्रं लावा, 1932 ते 33 ची. कारखाना तोच, पैसेही फोर्ड घराण्याचेच, एडसेल फोर्डचे. इथे मात्र भिंतभर कामगार, वाकलेल्या पाठी, ताणलेले हात. आणि मधली तारीख फळ्यावर लिहा: 7 मार्च 1932. बेकार कामगारांचा मोर्चा डेट्रॉइटहून याच रूज कारखान्यावर गेला, पोलीस आणि कंपनीच्या रखवालदारांनी गोळीबार केला, चौघं त्या दिवशी मेले, पाचवा पुढे. मोर्चा या दोघांच्याही चित्रांत नाही. या तासाला मला फारसं बोलावं लागत नाही.

1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांसाठी अलेक्झांडर होगचं ‘ड्राउथ स्ट्रिकन एरिया’ (1934) घ्या, अर्ध्या तासात होतं.

जेकब लॉरेन्सची स्थलांतर मालिका (1940-41) रूढ अर्थाने निसर्गचित्रंही नव्हे आणि शहरचित्रंही. पण दक्षिणेतून शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईसकडे निघालेल्या लाखो काळ्या माणसांच्या डोळ्यांनी स्टेशनं, शेतं, कारखाने आणि कोंदट खोल्या बघायच्या तर हिच्यासारखं दुसरं काही नाही. साठ छोटी चित्रं आहेत. लॉरेन्स तेव्हा विशीतला, तोही अशाच स्थलांतरित घरातला. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात अभ्यास करून त्याने आधी मथळे लिहिले, मग चित्रं काढली. बेलोज आणि लॉरेन्स एका दिवशी दाखवा, बाहेरून बघणं आणि आतून बघणं यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. तसाच चिउरा ओबाता. योसेमिटीची सुंदर चित्रं काढणारा बर्कलीतला हा जपानी वंशाचा प्राध्यापक 1942 मध्ये, जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकूम 9066 खाली, युटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत कोंडला गेला. तिथेही तो चित्रं काढत राहिला, इतरांना शिकवत राहिला. योसेमिटीचं एक आणि टोपाझचं एक, एवढी दोन पुरेत.

जॉन गास्टचं ‘अमेरिकन प्रोग्रेस’ (1872) मी अजून काढलं नाही हे लक्षात आलं असेल. तरंगत पश्चिमेकडे निघालेली बाई, एका हातात शाळेचं पुस्तक, दुसऱ्यात टेलिग्राफची तार, पुढे पळणारे मूलनिवासी आणि गवे. बहुतेक शिक्षक यानेच सुरुवात करतात, मी करू नका म्हणतो. सगळं इतकं उघड आहे की पाच मिनिटांत उलगडतं, आणि मुलांची समजूत होते की विचार मांडणारं चित्र असं असतं, बाकीची नुसती दृश्यं. शेवटी ठेवा. मूळ चित्र ए-थ्री कागदापेक्षा थोडंसंच लहान-मोठं आहे. पश्चिमेच्या प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं छापणाऱ्या जॉर्ज क्रोफटने ते काढून घेतलं आणि त्याच्या रंगीत छापील प्रती वाटल्या. सहा बाय दहा फुटांचं चित्र तिकीट काढून बघायचं, हे घरात टांगायचं. लोकांच्या मनावर कुणाचा जास्त परिणाम झाला असेल, हा चर्चेचा चांगला विषय आहे.

वेळेचं म्हणाल तर सत्रात पाच चित्रं पुरे. इनेस, बीअरस्टाट, डंकनसन, बेलोज, शीलर आणि रिव्हेराची जोडी. तेवढे तास इतर टिपा हातात देऊन वाचवता येतात. चित्रं डाउनलोड करताना संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून स्वामित्वहक्क संपलेली चित्रं खुली केली आहेत, नॅशनल गॅलरीचीही मिळतात. इकडून तिकडून घेतलेल्या प्रतींत कडा कापलेल्या असतात, रंग भडक केलेले असतात, आणि बुंधे मोजायला लावलेत की फजिती होते. विसाव्या शतकातल्या चित्रांचे हक्क अजून कुणाकडे तरी असू शकतात, म्हणून लॉरेन्स, होग वर्गात उघडून दाखवा, छापून वाटू नका.

अंतर्गत मूल्यमापनाला मी एकच काम देतो. प्रत्येकाने एक चित्र निवडायचं आणि त्याखाली लावायच्या पाटीचा मजकूर दोनदा लिहायचा, दीडशे-दीडशे शब्दांत. एकदा पैसे देणाऱ्याला हवा तसा, एकदा त्या जमिनीवर किंवा त्या इमारतीत असलेल्या पण चौकटीत न आलेल्या माणसाच्या बाजूने. दुसऱ्या पाटीतल्या प्रत्येक विधानाला चित्राबाहेरचा एक आधार जोडायचा: कायद्याचं कलम, जनगणनेचा आकडा, पत्र, वर्तमानपत्र, काहीही. आधार नसलेल्या विधानाला गुण नाहीत, मग भाषा कितीही गोड असो.